घरच्या सर्व्हरवर कंटेनर ॲप्सचे स्वयंचलित डिप्लॉयमेंट : नवी आवृत्ती सर्व्हरलाच ओढून घेऊ द्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी एका लहान संगणकावर लिनक्स आहे आणि त्यावर डॉकर कम्पोजच्या (कंटेनर, म्हणजे आपापल्या बंद डब्यात चालणारी ॲप्स, एका फाइलवरून चालवणाऱ्या साधनाच्या) साहाय्याने स्वतः लिहिलेली दोन-तीन ॲप्स व इतरांची काही तयार ॲप्स चालतात. कोड बदलला की तो गिटहबवर पुश करायचा, एसएसएचने सर्व्हरवर लॉगिन करायचे, तिथे कोड खाली घेऊन इमेज (कंटेनर ज्यावरून सुरू होतो तो तयार साचा) बिल्ड करायची आणि कंटेनर पुन्हा सुरू करायचा, हा सगळा क्रम आज हाताने पार पाडावा लागतो. तो आपोआप व्हावा, राउटरवर एकही पोर्ट उघडावे लागू नये, आणि एवढ्यासाठी कुबरनेटीस (अनेक यंत्रांवर कंटेनर चालवणारी यंत्रणा) शिकणे भाग आहे का हेही कळावे, अशी अपेक्षा आहे.

कुबरनेटीस लागत नाही. त्याबद्दल पुढे लिहितो. साधने निवडण्याआधी मात्र एक गोष्ट ठरवावी लागते, ती म्हणजे नवी आवृत्ती बाहेरच्या कोणीतरी सर्व्हरमध्ये ढकलायची, की सर्व्हरने ठरावीक वेळाने बाहेर डोकावून ती स्वतः ओढून घ्यायची. घरच्या सर्व्हरसाठी मी निःसंकोचपणे दुसरा मार्ग सुचवतो.

नेहमी सांगितला जातो तो पहिला मार्ग: गिटहब ॲक्शन्समधला (गिटहबच्या स्वयंचलित बिल्ड सेवेतला) एखादा जॉब एसएसएचने सर्व्हरवर शिरतो आणि आज्ञा चालवतो. सार्वजनिक पत्ता असलेल्या भाड्याच्या सर्व्हरवर हे सहज जमते. घरी पहिली अडचण नेटवर्कची येते, कारण अनेक इंटरनेट सेवादाते ग्राहकाला स्वतंत्र सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता न देता सीजीनॅटच्या (एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटण्याच्या व्यवस्थेच्या) मागे ठेवतात. राउटरच्या बाहेरच्या बाजूला मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात आणि राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करूनही बाहेरून कोणी आत पोहोचणार नाही. टेलस्केल वापरून किंवा स्वतःचे वायरगार्ड उभारून (दोन्ही खासगी व्हीपीएन जोडणी देतात) यातून वाट काढता येते. दुसरी अडचण मला अधिक गंभीर वाटते: घरात शिरण्याची की बिल्ड करणाऱ्या यंत्रणेच्या हाती द्यावी लागते. २०२५ च्या मार्चमध्ये ‘टीजे-ॲक्शन्स/चेंज्ड-फाइल्स’ या तेवीस हजारांहून अधिक रिपॉझिटरींत वापरल्या जाणाऱ्या ॲक्शनचे (बिल्डमध्ये जोडायच्या तयार तुकड्याचे) जुने टॅग (आवृत्तीची लेबले) हल्लेखोराने दुष्ट कोडकडे वळवले, आणि त्या कोडने रनरच्या (बिल्ड चालवणाऱ्या यंत्राच्या) मेमरीतली गुपिते (पासवर्ड, की वगैरे) बिल्डच्या लॉगमध्ये छापली. ज्यांचा लॉग सार्वजनिक होता त्यांची गुपितेही सार्वजनिक झाली. अशा गुपितांमध्ये घरच्या सर्व्हरची एसएसएच की असेल तर काय होईल, हे सांगायला नको. म्हणूनच बाहेरच्या ॲक्शन वापरताना टॅगऐवजी पूर्ण कमिट हॅश (कोडमधल्या त्या नेमक्या नोंदीची न बदलणारी ओळख) लिहावा, मग डिप्लॉयमेंटची पद्धत कोणतीही असो.

घरीच सेल्फ-होस्टेड रनर बसवणे हा मधला मार्ग आहे. तो गिटहबशी आतून बाहेर एचटीटीपीएस जोडणी करतो, त्यामुळे पोर्टचा प्रश्न मिटतो. पण वर्कफ्लो फाइलमध्ये जे लिहिले असेल ते तो तुमच्या घरातल्या यंत्रावर चालवतो. सार्वजनिक रिपॉझिटरीला असा रनर जोडू नये, असे गिटहबचे दस्तऐवज स्वतःच सांगतात, कारण कोणीही फोर्क (स्वतःची प्रत) करून पुल रिक्वेस्टमार्गे (बदल स्वीकारण्याच्या विनंतीमार्गे) आपला कोड त्यावर चालवू शकतो. शिवाय रनरचा वापरकर्ता डॉकर गटात घातला की त्याला व्यवहारात रूट अधिकारच मिळतात: यजमान संगणकाची संपूर्ण फाइल सिस्टिम एखाद्या कंटेनरमध्ये माउंट करायला एक आज्ञा पुरते. खासगी रिपॉझिटरी असेल आणि त्यात लिहिणारे तुम्ही एकटेच असाल, तर हा मार्ग वाईट नाही. तरीही मी तो दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो.

वॉचटॉवर या कंटेनर आपोआप अद्ययावत करणाऱ्या साधनाबद्दलही लोक हमखास विचारतात. चालू कंटेनर ज्या टॅगवरून सुरू झाला त्या टॅगखाली रजिस्ट्रीत (इमेजच्या ऑनलाइन कोठारात) नवी इमेज आली का, हे तो पूर्वनियोजित सेटिंगनुसार दर २४ तासांनी पाहतो आणि आली असल्यास कंटेनर बदलून टाकतो. पाच मिनिटांत बसतो, हे त्याचे आकर्षण. पण काल रात्री कोणत्या ॲपची कोणती आवृत्ती बदलली, आणि ती बिघडली असेल तर आधीची कोणती होती, याची तुमच्या हातात नीट नोंद राहत नाही. जिथे डेटाबेस आहे तिथे तो अजिबात लावू नये.

मी सुचवतो ती मांडणी अशी. ॲपचा कोड त्याच्या रिपॉझिटरीत राहील आणि तिथल्या बिल्डचे काम इमेज तयार करून रजिस्ट्रीत ठेवण्यापुरतेच असेल. सर्व्हर अस्तित्वात आहे हेसुद्धा त्या बिल्डला ठाऊक नसेल. दुसरी एक खासगी रिपॉझिटरी फक्त सर्व्हरची असेल. तिच्यात प्रत्येक ॲपची कम्पोज फाइल, रिव्हर्स प्रॉक्सीचे (येणारी विनंती योग्य ॲपकडे पाठवणाऱ्या सेवेचे) कॉन्फिगरेशन आणि प्रत्येक इमेजची नेमकी आवृत्ती असेल. सर्व्हर दर काही मिनिटांनी ही दुसरी रिपॉझिटरी तपासेल आणि नवा कमिट दिसला तरच हालचाल करेल. म्हणजे सर्व्हरवर काय चालायला हवे याचे उत्तर एकाच ठिकाणी लिहिलेले असते, आणि मागे जाणे म्हणजे गिटमध्ये एक रिव्हर्ट करणे, एवढेच उरते. २०१७ मध्ये वीव्हवर्क्स या कंपनीने या विचाराला गिटऑप्स हे नाव दिले. तो कुबरनेटीसच्या संदर्भात पुढे आला असला तरी एका यंत्रावरच्या कम्पोजलाही तितकाच लागू पडतो.

इमेज सर्व्हरवर बिल्ड करण्याची सवय मात्र सोडावी लागेल. लहान यंत्रावर बिल्डच्या वेळी मेमरी संपली तर चालू कंटेनरांपैकीच एखादा मारला जातो, आणि बिल्ड कॅशे डिस्क खात राहते. बाहेर बिल्ड करताना प्रोसेसरचा प्रकार तेवढा सांभाळावा: सर्व्हर रास्पबेरी पाय (एआरएम प्रोसेसर) असेल आणि इमेज फक्त एएमडी६४ (इंटेल-एएमडी प्रोसेसर) साठी बांधलेली असेल, तर कंटेनर ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ देऊन लगेच बंद पडेल. डॉकरच्या बिल्डएक्सने दोन्ही प्रकारच्या इमेज एका टॅगखाली ठेवता येतात. क्यूईएमयूच्या अनुकरणातून (एका प्रोसेसरवर दुसऱ्याची नक्कल करून) एआरएमची इमेज बांधणे संथ असते, म्हणून एआरएमचा खरा रनर मिळत असेल तर तोच घ्यावा.

आता इमेजच्या आवृत्तीविषयी, कारण बहुतेक घरगुती मांडण्या इथेच ढिल्या राहतात. टॅग हे नुसते लेबल असते आणि रजिस्ट्रीचा मालक ते केव्हाही दुसऱ्या इमेजवर चिकटवू शकतो. ‘लेटेस्ट’ तर त्यासाठीच असतो, पण ‘१.४’ सारखा टॅगही आज एका आणि उद्या दुसऱ्या इमेजकडे बोट दाखवू शकतो. याउलट शा२५६ डायजेस्ट इमेजच्या आशयावरूनच निघतो, त्यामुळे तो बदलला तर इमेज बदलली, आणि तोच राहिला तर बाइटन् बाइट तीच इमेज आहे. कम्पोज फाइलमध्ये टॅग आणि डायजेस्ट दोन्ही लिहावेत: टॅग माणसाला वाचण्यासाठी, डायजेस्ट यंत्रासाठी. हे हाताने लिहीत बसायचे नसते. रेनोव्हेट हे साधन सर्व्हरच्या रिपॉझिटरीवर नजर ठेवते आणि नवी आवृत्ती आली की डायजेस्टसह पुल रिक्वेस्ट उघडते. स्वतःच्या ॲप्सच्या पुल रिक्वेस्ट आपोआप मर्ज होऊ द्याव्यात. इतरांच्या ॲप्सच्या, चेंजलॉगवर नजर टाकून, हाताने मर्ज कराव्यात. अशा रीतीने काय आपोआप व्हावे आणि कुठे माणसाने थांबून पाहावे, याची सीमा रिपॉझिटरीच्या नियमांत राहते आणि सर्व्हरवरची स्क्रिप्ट साधी राहू शकते.

ती स्क्रिप्ट पन्नास ओळींच्या आत बसते. सिस्टमडीचा (लिनक्सवर सेवा चालवणाऱ्या व्यवस्थेचा) टायमर ती बूटनंतर थोड्या वेळाने आणि पुढे दर पाच मिनिटांनी चालवतो. क्रॉननेही काम होते, पण सिस्टमडीत लॉग आपोआप जर्नलमध्ये जातात आणि घाई असेल तेव्हा तीच सर्व्हिस हाताने सुरू करता येते. स्क्रिप्टने प्रथम एफलॉकने कुलूप घ्यावे, म्हणजे एक फेरी रेंगाळली असताना दुसरी अंगावर येणार नाही. मग गिट फेच करून दूरचा कमिट आणि शेवटचा लावलेला कमिट ताडून पाहावा. दोन्ही सारखे असतील तर तिथेच बाहेर पडावे. या तपासणीत रजिस्ट्रीकडे जावेच लागत नाही, हा मोठा फायदा आहे. डॉकर हबने २०२० च्या नोव्हेंबरपासून निनावी डाउनलोडांवर मर्यादा घातली असून ती आयपी पत्त्यावरून मोजली जाते, आणि सीजीनॅटच्या मागे तोच पत्ता अनेक अनोळखी ग्राहकांच्या वाट्याला आलेला असतो. लॉगिन करूनच इमेज ओढणे त्यामुळे श्रेयस्कर.

नवा कमिट असेल तर फक्त फास्ट-फॉरवर्ड मर्ज (स्थानिक बदल न मिसळता पुढे सरकणे) करावा. सर्व्हरवर कोणी हाताने बदल केला असेल तर तो इथे अडथळा बनून उघडा पडतो, आणि तसेच व्हायला हवे. पुढे ‘कम्पोज कॉन्फिग’ने फाइल वैध आहे का ते पाहावे, ‘कम्पोज पुल’ने सगळ्या इमेज आधी उतरवून घ्याव्यात आणि मगच ‘कम्पोज अप’ चालवावे. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण डाउनलोडला दहा मिनिटे लागली तरी तेवढा वेळ जुना कंटेनर चालूच राहतो आणि खंड पडतो तो प्रत्यक्ष अदलाबदलीपुरता. ज्यांची इमेज किंवा कॉन्फिगरेशन बदललेले नाही अशा कंटेनरांना ‘अप’ हात लावत नाही, म्हणून ती आज्ञा बेधडक सगळ्या ॲप्सवर चालवता येते. फाइलमधून काढून टाकलेल्या सेवांचे कंटेनर मागे राहू नयेत म्हणून ‘रिमूव्ह-ऑर्फन्स’ हा पर्याय जोडावा.

‘अप’ला ‘वेट’ हा पर्यायही द्यावा. त्यामुळे आज्ञा कंटेनर निरोगी ठरेपर्यंत थांबते आणि तसे न झाल्यास अपयशाचा कोड परत करते. पण निरोगी म्हणजे काय, हे हेल्थचेकमध्ये (कंटेनरची तब्येत तपासणाऱ्या आज्ञेत) तुम्हीच लिहायचे असते. हेल्थचेक नसेल तर प्रोसेस सुरू झाली एवढ्यावरच कम्पोज समाधान मानते, आणि डेटाबेसशी जोडणी न झालेले ॲपसुद्धा तेवढ्यापुरते सुरू झालेले दिसते. हेल्थचेकने एखाद्या खऱ्या एंडपॉइंटला (ॲपच्या वेब पत्त्याला) विनंती करावी आणि त्या एंडपॉइंटने डेटाबेसला एक साधी क्वेरी करून उत्तर द्यावे. येथे एक गैरसमज दूर करायला हवा: रीस्टार्ट पॉलिसी प्रोसेस बंद पडल्यावरच कामाला येते; कंटेनर ‘अनहेल्दी’ झाला म्हणून साधे डॉकर त्याला पुन्हा सुरू करत नाही.

अपयश आले की स्क्रिप्टने आधीच्या यशस्वी कमिटवर परतावे आणि ‘अप’ पुन्हा चालवावे. यासाठी यशस्वी कमिटचा हॅश एका फाइलमध्ये लिहून ठेवलेला असावा. दुसऱ्या फाइलमध्ये फसलेल्या कमिटचा हॅश लिहावा आणि तो पुन्हा समोर आला तर दुर्लक्ष करावे. ही दुसरी फाइल बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ती नसेल तर दर पाच मिनिटांनी तीच बिघडलेली आवृत्ती लावली जाते, फसते, मागे घेतली जाते, आणि ॲप रात्रभर हेलकावे खात राहते. यश असो वा अपयश, एनटीएफवाय किंवा तत्सम सेवेमार्फत फोनवर एक ओळीचा संदेश यावा. स्क्रिप्टच चालेनाशी झाली तर संदेशही येणार नाही, म्हणून प्रत्येक फेरीच्या शेवटी बाहेरच्या एखाद्या देखरेख सेवेला ‘मी जिवंत आहे’ असा संकेत पाठवावा, आणि तो काही तास आला नाही तर त्या सेवेने कळवावे.

या पद्धतीत एक खाचखळगा असा आहे की तो माहीत नसेल तर माणूस तासन् तास चाचपडत बसतो. समजा रिव्हर्स प्रॉक्सीची कॉन्फिगरेशन फाइल रिपॉझिटरीत आहे आणि कंटेनरमध्ये बाइंड माउंट केलेली (यजमान संगणकावरून थेट जोडलेली) आहे. तुम्ही फक्त ती फाइल बदलली, सर्व्हरने कमिट ओढला, ‘अप’ यशस्वी झाले, आणि तरीही प्रॉक्सी जुन्याच नियमांनी वागतो. कारण दुहेरी आहे. माउंट केलेल्या फाइलमधला मजकूर कम्पोजच्या दृष्टीने सेवेच्या व्याख्येचा भाग नसतो, म्हणून त्याला बदल झालेला दिसतच नाही. शिवाय गिट फाइल जागच्या जागी न बदलता जुनी काढून नवी लिहिते, त्यामुळे आयनोड (डिस्कवरची फाइलची खरी ओळख) बदलतो. एकच फाइल माउंट केली असेल तर कंटेनर जुन्या आयनोडलाच धरून राहतो आणि आत जाऊन पाहिले तरी जुना मजकूर दिसतो. अशा वेळी प्रॉक्सीला रीलोडचा संकेत देऊनही उपयोग नाही. उपाय असा की, एकटी फाइल माउंट न करता तिचा फोल्डर माउंट करावा, आणि कोणत्या फोल्डरमध्ये बदल झाला हे ‘गिट डिफ’ने पाहून त्या सेवेला स्क्रिप्टने रीलोड किंवा रीस्टार्ट करावे.

डेटाबाबत मी पुराणमतवादी आहे. इमेज मागे नेता येते, डेटाबेसचा स्कीमा (तक्त्यांची रचना) मागे जात नाही. नव्या आवृत्तीने सुरू होतानाच मायग्रेशन (स्कीमातला बदल) चालवून एखादा कॉलम काढून टाकला, तर जुनी इमेज परत लावूनही ॲप उभे राहणार नाही. स्वतःच्या ॲपमध्ये म्हणूनच बदल दोन टप्प्यांत करावा: आधी नवा कॉलम जोडणारी आवृत्ती, आणि ती स्थिरावल्यावर जुना काढणारी. पोस्टग्रेससारख्या डेटाबेसची मुख्य आवृत्ती आपोआप कधीही बदलू देऊ नये. एका मुख्य आवृत्तीची डेटा डिरेक्टरी पुढच्या आवृत्तीला थेट वाचता येत नाही. डंप घेऊन पुन्हा भरणे किंवा पीजी-अपग्रेड चालवणे भाग असते. अधिकृत डॉकर इमेजने तर १८ व्या आवृत्तीपासून डेटाची अपेक्षित जागाही बदलली आहे. रेनोव्हेटला डेटाबेसांच्या मुख्य आवृत्त्यांकडे दुर्लक्ष करायला सांगावे, आणि प्रत्येक डिप्लॉयमेंटच्या आधी स्क्रिप्टने पीजी-डंप घ्यावा. घरगुती आकाराच्या डेटाबेसला त्यासाठी काही सेकंद लागतात. तो डंप रेस्टिक या बॅकअप साधनाने दुसऱ्या यंत्रावर जायला हवा, हे वेगळे सांगत नाही.

गुपिते रिपॉझिटरीत उघडी ठेवू नयेत, ती खासगी असली तरीही. सॉप्स आणि एज या कूटबद्ध करणाऱ्या साधनांची जोडी इथे चपखल बसते: मूल्ये कूटबद्ध होऊन गिटमध्ये राहतात, खासगी की फक्त सर्व्हरवर असते, आणि तिची एक प्रत सर्व्हरबाहेर सुरक्षित ठेवावी लागते, नाहीतर डिस्क गेल्यावर बॅकअप असूनही काही उघडणार नाही. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधली मूल्ये ‘डॉकर इन्स्पेक्ट’मध्ये सरळ दिसतात; ॲपला फाइलमधून वाचता येत असेल तर कम्पोजचे ‘सीक्रेट्स’ वापरावेत. सर्व्हरला गिटसाठी फक्त वाचनाची डिप्लॉय की आणि रजिस्ट्रीसाठी फक्त वाचनाचे टोकन द्यावे. मग सर्व्हर हाती लागला तरी त्यावरून कोड बदलता येणार नाही, आणि गिटहबवरचे टोकन फुटले तरी त्याने सर्व्हरवर लॉगिन होणार नाही. सर्व्हरच्या रिपॉझिटरीत लिहिण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे तो मात्र सर्व्हरवर काहीही चालवू शकतो, म्हणून त्या खात्याला दोन टप्प्यांचे लॉगिन हवेच.

किरकोळ पण त्रासदायक गोष्टी भराभर सांगतो. डॉकरचा पूर्वनियोजित लॉग ड्रायव्हर लॉगच्या आकारावर मर्यादा घालत नाही, म्हणून डिमनच्या कॉन्फिगरेशनमध्ये आकार आणि फाइलसंख्या ठरवावी. ही सेटिंग नव्याने तयार होणाऱ्या कंटेनरांनाच लागू होते. जुन्या इमेज आठवड्यातून एकदा ‘प्रून’ने काढाव्यात, मात्र त्यातला ‘अंटिल’ फिल्टर इमेज केव्हा बांधली ते पाहतो, केव्हा उतरवली ते नाही. कम्पोजमध्ये प्रकाशित केलेले पोर्ट यूएफडब्ल्यू या फायरवॉलच्या नियमांना वळसा घालून उघडते. प्रॉक्सीच्या मागच्या सेवांना पोर्ट देऊच नये, किंवा ते १२७.०.०.१ ला बांधावे. प्रमाणपत्रासाठी लेट्स एन्क्रिप्टची डीएनएस पद्धत निवडली तर त्यासाठीही बाहेरून आत येणारे पोर्ट लागत नाही.

काही कारणाने ढकलण्याचाच मार्ग घ्यावा लागला, तर त्या एसएसएच कीला ‘ऑथोराइज्ड-कीज’ फाइलमध्ये ‘रिस्ट्रिक्ट’ आणि ठरलेली ‘कमांड’ जोडावी, म्हणजे त्या कीने शेल न मिळता वरची स्क्रिप्ट तेवढी सुरू होईल.

आता कुबरनेटीस. के३एस ही त्याची हलकी आवृत्ती लहान यंत्रावर चालते आणि त्यावरची फ्लक्स किंवा आर्गो सीडी ही साधने हेच ओढून घेण्याचे काम अधिक नेटकेपणाने करतात. पण कुबरनेटीसचे बळ अनेक यंत्रांमध्ये काम वाटण्यात आहे. यंत्र एकच असेल तर ते बंद पडल्यावर सगळेच बंद पडते, आणि मधल्या काळात क्लस्टरची स्वतःची देखभाल तुमच्या माथी येते. नोकरीसाठी शिकायचे असेल तर अवश्य बसवा, पण घरातले लोक रोज वापरतात त्या ॲप्स त्यावर ठेवू नका. डॉकरशिवाय राहायचे असेल तर पॉडमन (कंटेनर चालवणारे दुसरे साधन) अधिक विचारात घेण्याजोगा आहे: ४.४ आवृत्तीपासून आलेल्या क्वाडलेटमुळे कंटेनर ही सिस्टमडीची सर्व्हिस बनते, आणि ‘पॉडमन ऑटो-अपडेट’ नव्या इमेजने सर्व्हिस सुरू झाली नाही तर आपोआप जुनीवर परततो. तोही टॅगच पाहतो, त्यामुळे गिटमधल्या नोंदीचा मुद्दा तिथे राहतोच.

सुरुवात ज्याच्यापाशी काहीच डेटा नाही अशा ॲपपासून करा. ते नीट लागल्यावर हेल्थचेक फसेल अशी आवृत्ती मुद्दाम कमिट करून पाहा: सर्व्हर मागे फिरतो का, फोनवर संदेश येतो का, आणि पाच मिनिटांनी तोच कमिट पुन्हा लावण्याचा प्रयत्न होतो का. हे तिन्ही पाहून झाल्यावर सर्व्हर एकदा रीबूट करून टायमर आपोआप सुरू होतो याची खात्री करा, आणि मगच डेटाबेस असलेली ॲप्स एकेक करून या मांडणीत आणा.